लिलावातले घर आणि सिमेंटचे पत्रे

कर्ज थकले म्हणून बँकेने ताब्यात घेतलेली एक बैठी चाळ लिलावात निघाली आहे, असे धरू. आठ खोल्या, त्यातल्या पाचांत भाडेकरू, राखीव किंमत बाजारभावापेक्षा बरीच उतरलेली, आणि वर सिमेंटचे जुने, शेवाळलेले पत्रे. घेऊ पाहणारा माणूस कागद बघतो, भाडे बघतो, मग कोणीतरी त्याच्या कानावर घालते की हे पत्रे ॲसबेस्टॉसचे आहेत आणि त्याने कर्करोग होतो. आता पुढे काय? व्यवहार सोडायचा, की चाळ घेऊन पहिल्याच आठवड्यात दोन मजूर लावून पत्रे फोडून खाली टाकायचे?

ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि दुसरे पहिल्यापेक्षा जास्त चुकीचे आहे. छपरावर शाबूत बसलेला पत्रा त्या चाळीतल्या माणसांना फारसा त्रास देत नाही. त्याचा सर्वांत वाईट दिवस उजाडतो तो त्याला घाईने काढण्याचा. म्हणून या प्रकरणातला खरा प्रश्न असा आहे, की पत्र्याला हात कधी लावायचा, कसा लावायचा आणि त्याचा खर्च कोणाच्या खिशातून जायचा. लिलावाच्या बाबतीत यातल्या शेवटच्या भागाचे उत्तर बोली लावण्याआधीच ठरलेले असते.

१. पत्र्यात असते काय

ॲसबेस्टॉस हा कोणी कारखान्यात शोधून काढलेला पदार्थ नाही. खडकात सापडणाऱ्या काही तंतुमय खनिजांना मिळून दिलेले ते नाव आहे. अशी सहा खनिजे ॲसबेस्टॉस म्हणून ओळखली जातात, पण व्यापारात चालली ती मुख्यतः तीन: पांढरे म्हणजे क्रायसोटाइल, निळे म्हणजे क्रोसिडोलाइट आणि तपकिरी म्हणजे अमोसाइट. हे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत, ताण सोसतात आणि मिळतातही स्वस्त. विसाव्या शतकाच्या तोंडावर लुडविग हाचेक या ऑस्ट्रियन उद्योजकाने हे तंतू सिमेंटमध्ये मिसळून पातळ, हलके, टिकाऊ पत्रे करण्याची पद्धत बसवली, आणि जगभरच्या गोदामांवर, गिरण्यांवर, गरिबांच्या घरांवर एकच राखाडी छप्पर चढले. आपल्याकडच्या पन्हाळी पत्र्यात साधारण ८ ते १० टक्के पांढरे ॲसबेस्टॉस असते. बाकीचे सिमेंट आणि राख.

जुन्या चाळीत ते फक्त छपरावरच असेल असे नाही. पावसाचे पाणी उतरवणारे जुने राखाडी पाइप, पाण्याच्या टाक्या, संडासाच्या आडोशाच्या सपाट पाट्या, यांतही ते असू शकते.

ब्रिटनमध्ये जुने घर घेणाऱ्याला एक सोपा आधार असतो. तिथे पांढऱ्या ॲसबेस्टॉसवरही १९९९ मध्ये बंदी आली, त्यामुळे नंतर बांधलेल्या घरात ते सापडण्याची शक्यता नगण्य. आपल्याकडे हा आधार नाही. ॲसबेस्टॉसच्या खाणींना नवे पट्टे देणे आपण १९८६ मध्ये थांबवले, जुन्यांचे नूतनीकरण १९९३ मध्ये. पण बाहेरून आणलेल्या पांढऱ्या ॲसबेस्टॉसचे पत्रे करणे आणि विकणे आजही कायदेशीर आहे. म्हणजे छप्पर गेल्या वर्षी बदलले, एवढ्यावरून ते निर्धोक ठरत नाही. उलट आता ॲसबेस्टॉसविरहित तंतू वापरून केलेले सिमेंटचे पत्रेही मिळतात आणि दिसायला ते थेट तसेच असतात. डोळ्यांनी, हाताने किंवा वाजवून फरक कळत नाही. खात्री हवी तर अंगठ्याएवढा तुकडा ओला करून, दुहेरी पिशवीत बंद करून, एनएबीएलची मान्यता असलेल्या आणि ही चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यावा लागतो. तिथे विशिष्ट सूक्ष्मदर्शकाखाली तंतू ओळखतात.

२. धोका पत्र्यात की धुळीत

ॲसबेस्टॉसचा तंतू तुटतो तेव्हा आडवा तुटण्याऐवजी उभा चिरत जातो. चिरता चिरता तो इतका बारीक होतो की केसाची जाडी त्याच्या वीस-पंचवीस पट भरावी. असा तंतू हवेत तासन् तास तरंगतो, श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकाच्या पोकळ्यांपर्यंत पोचतो आणि तिथेच रुतून बसतो. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळू पाहतात, पण तो त्यांच्यापेक्षा लांब असतो. वर्षानुवर्षे चाललेल्या या झटापटीतून फुप्फुसात वण तयार होतात, त्याला ॲसबेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा एरवी दुर्मीळ असलेला कर्करोगही. पहिल्या श्वासापासून आजार दिसेपर्यंत वीस ते चाळीस वर्षे, कधी त्याहूनही जास्त जातात. विडी-सिगारेटची जोड असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा पुष्कळ वाढतो. अमेरिकेत आयर्व्हिंग सेलिकॉफ यांनी नळ्यांवर उष्णतारोधक थर चढवणाऱ्या कामगारांच्या अभ्यासातून हे दाखवले होते.

हे सगळे हवेत मोकळ्या सुटलेल्या तंतूंबद्दल झाले. पत्र्यातला तंतू मोकळा नसतो. मातीच्या भिंतीत भुसा कालवलेला असतो, पण भिंत उभी आहे तोवर घरात भुसा उडत नाही; भिंत पाडली की उडतो. पत्र्याचेही तसेच. याउलट नळ्यांभोवतीचे भुसभुशीत आवरण किंवा छतावर फवारलेला मऊ थर नुसत्या बोटाने चुरडतो आणि हवा भरून टाकतो. अमेरिकेत बँकेने जप्त केलेले जुने घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला त्या दुसऱ्या जातीची काळजी जास्त करावी लागते: तळघरातल्या नळ्यांची आवरणे, छताचा खडबडीत फवारलेला थर, शिवाय जमिनीवरच्या नऊ इंची जुन्या फरशा. ब्रिटनचा कायदाही हाच भेद मानतो. मऊ आवरण काढायला तिथे परवानाधारक कंत्राटदार लागतो, शाबूत सिमेंटचे पत्रे उतरवायला बहुधा लागत नाही. मात्र काम कसे करायचे याचे नियम दोन्हींना आहेत.

तेव्हा पत्र्याचा धोका मोजताना त्याच्याशी काय केले जाते हे बघायचे. ग्राइंडरने कापणे, ड्रिलने भोके पाडणे, घणाने फोडणे, पडलेला चुरा कोरड्या झाडूने लोटणे, आणि पावसाळ्याच्या आधी रंग किंवा डांबर लावण्यासाठी जोरदार पाण्याच्या पंपाने शेवाळ खरवडणे ही ती कामे. शेवटचे काम स्वच्छतेचे वाटते, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. पण ऊन-पावसाने पत्र्याचा वरचा सिमेंटचा थर झिजून तंतू आधीच उघडे पडलेले असतात, आणि जोराची धार नेमके तेच सुटे करते.

३. ‘आम्ही तर पत्र्याखाली जन्म काढला’

हा आक्षेप प्रत्येक चाळीत ऐकू येतो आणि तो मूर्खपणाचा नाही. शाबूत पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाच्या श्वासात जाणारे तंतू खरोखरच थोडे असतात, त्यामुळे बहुतेकांना काही होत नाही. पण त्यातून ‘म्हणून फोडायला हरकत नाही’ हा निष्कर्ष निघत नाही, कारण राहणे आणि फोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय ज्याने तरुणपणी गावोगाव पत्रे कापले तो म्हातारपणी दम लागून गेला, तर त्याचे कारण कोणी पत्र्यात शोधत नाही. क्षयरोग किंवा विडी, दोन्ही कारणे हाताशी तयार असतात. दक्षिण आफ्रिकेत जे. सी. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये मेसोथेलिओमाचा निळ्या ॲसबेस्टॉसशी संबंध जोडला, तेव्हा त्यांच्या रुग्णांत नुसत्या खाणींच्या परिसरात वाढलेली माणसेही होती. इतकी वर्षे मध्ये गेल्यावर हा धागा शोधायला चिकाटी लागते, आणि आपल्याकडे ती फार कमी वेळा दाखवली गेली.

दुसरा आक्षेप: एवढे वाईट असते तर सरकारने बंदी घातली नसती का? बंदी घालणे किंवा न घालणे हा धोरणाचा निर्णय असतो, त्यात रोजगार, घरांची किंमत आणि उद्योगाचे वजन सगळे येते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सरसकट बंदीची मागणी मान्य केली नाही, हे खरे. पण त्याच न्यायालयाने १९९५ मध्ये ॲसबेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला होता. निरुपद्रवी वस्तू हाताळणाऱ्यांच्या नोंदी कोणी ४० वर्षे ठेवायला सांगत नाही. अमेरिकेतही १९८९ ची बंदी १९९१ मध्ये न्यायालयात मोडली आणि पांढऱ्या ॲसबेस्टॉसवर बंदीचा नियम थेट २०२४ मध्ये आला. मधल्या काळात खनिजाचा स्वभाव बदलला नव्हता.

तिसरा आक्षेप जरा जाणकारांचा: आपल्याकडे पांढरेच वापरतात, ते सौम्य असते. मेसोथेलिओमाच्या बाबतीत निळे आणि तपकिरी अधिक जहाल, हे मान्य. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सगळ्याच प्रकारांना, पांढऱ्यासकट, माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवले आहे.

४. जसे आहे, जेथे आहे

आता लिलावाकडे. बँक थकीत कर्जासाठी तारण मालमत्ता विकते ती २००२ च्या सरफेसी कायद्याखाली. कर्जदाराला आधी ६० दिवसांची नोटीस जाते, मग ताबा, मग वर्तमानपत्रात विक्रीची जाहिरात. त्या जाहिरातीत ‘जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे काही आहे’ हे शब्द छापलेले असतात आणि बहुतेक वाचकांची नजर त्यावरून घसरते. त्यांचा अर्थ असा, की मालमत्तेच्या अवस्थेबद्दल बँक कोणतीही हमी देत नाही. गळते छप्पर, तडकलेली भिंत आणि ॲसबेस्टॉसचा पत्रा किमतीसकट तुमचा.

साध्या विक्रीत १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा विक्रेत्यावर एक कर्तव्य टाकतो: खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही असा मोठा दोष विक्रेत्याला ठाऊक असेल, तर तो त्याने सांगितला पाहिजे. मग बँकेवर हे कर्तव्य का नसावे, असे कोणी विचारेल. विचारायला हरकत नाही, पण या दाव्यावर पैसे लावू नयेत. एक तर छपरावरचा पत्रा रस्त्यावरून दिसतो, त्याला लपलेला दोष म्हणणे कठीण. दुसरे, बँक त्या चाळीत कधी राहिलेली नसते; तिला ठाऊक काय होते, हे सिद्ध कोण करणार? बँकेने जाहिरातीत बोजे नमूद करायचे असतात, पण तो बोजा म्हणजे देणी आणि हक्क. तंतूंचा बोजा त्या रकान्यात येत नाही.

वेळही खरेदीदाराच्या बाजूने नसतो. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी २५ टक्के रक्कम भरायची, त्यात आधी भरलेली इसारा रक्कम धरून. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळाली तरी ती तीन महिन्यांपलीकडे नाही. नंतर पत्र्याची भीती वाटून माघार घेतली, तर भरलेले पैसे जप्त. म्हणून चौकशीची जागा एकच उरते: जाहिरातीत दिलेली पाहणीची तारीख. त्या दिवशीही पत्र्याचा तुकडा तोडून घेता येत नाही, कारण चाळ अजून तुमची नसते; बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याने परवानगी दिली तरच. आणि बँकेकडे नुसता सांकेतिक, म्हणजे कागदोपत्री, ताबा असेल तर खोल्यांत पाऊलही टाकता येणार नाही. अशा वेळी ब्रिटिश नियमांतला एक शहाणपणा उचलावा: उलट पुरावा मिळेपर्यंत ॲसबेस्टॉस आहे असेच धरून चालावे.

५. बोलीआधीचा हिशेब

आपल्या कल्पित चाळीचे माप काढू. आठ खोल्या, प्रत्येकी १० बाय १५ फूट, म्हणजे १,२०० चौरस फूट. वळचण आणि एकावर एक चढलेले पत्रे धरून साधारण १,४५० चौरस फूट, म्हणजे १३५ चौरस मीटर पत्रा. ६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला १४ किलोच्या आसपास धरले, तर सगळे मिळून १,९०० किलो. त्यात दीडशे ते एकशे नव्वद किलो शुद्ध ॲसबेस्टॉस. तीन मीटर लांबीचे सुमारे ४३ पत्रे, प्रत्येक ४० किलोच्या वर. हे काम एका दुपारचे नाही आणि दोन मजुरांचेही नाही.

आता पैसे; आकडे फक्त समजण्यापुरते. चांगल्या छपराची अशी चाळ त्या भागात ६० लाखांना जाते आणि राखीव किंमत ५० लाख आहे, असे समजू. वरवर १० लाखांचा फायदा. पण जुने पत्रे उतरवणे, बांधणे, वाहून नेणे, विल्हेवाट आणि नवे छप्पर मिळून ६ लाख. कामाच्या दिवसांत भाडेकरूंची सोय आणि बुडालेले भाडे १ लाख. कुजलेल्या वाशांसारख्या न दिसलेल्या गोष्टींसाठी आणखी १ लाख. फायदा उरला २ लाखांचा, म्हणून बोलीची वरची मर्यादा ५२ लाख. त्यापुढे बोली चढली की हात खाली घ्यायचा. लिलावात घासाघीस करता येत नाही. पत्र्याची किंमत वसूल करण्याचा हा एकच मार्ग आहे.

६. ठेवायचे, झाकायचे की उतरवायचे

पत्रे शाबूत असतील, तडे नसतील, कडा चुरत नसतील, तर ताबडतोब काढण्याची गरज नाही. त्यांच्यावर नजर ठेवावी आणि भाडेकरूंना स्पष्ट सांगावे की डिश अँटेनासाठी, पोटमाळ्यासाठी किंवा फॉल्स सीलिंगसाठी पत्र्याला भोक पाडायचे नाही. वरचा थर किंचित झिजला असेल तर मऊ ब्रशने किंवा कमी दाबाच्या फवाऱ्याने बंदिस्त करणारा रंग चढवता येतो, न खरवडता. जुन्या पत्र्यावरच धातूचा नवा पत्रा चढवण्याचा सल्ला काही कारागीर देतात. तो मोहक असतो, पण त्यासाठी स्क्रू जुन्या पत्र्यातून आरपार घालावे लागतात आणि वाशांवर दुप्पट भार येतो. मला तो फार थोड्या ठिकाणी योग्य वाटतो. पत्रे फुटलेले, गळके, ठिगळे लावलेले असतील तर उतरवणेच बरे.

भाडेकरू आहेत म्हणून हा निर्णय निव्वळ मालकाचा राहत नाही. लिलावात चाळ घेणारा भाडेकरूंसकट घेतो. भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर बाहेर काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या प्रकरणांत २०१६ मध्ये सांगितले. मात्र भाडेकरार खरा आणि वैध असल्याचे भाडेकरूला दाखवावे लागते. जिथे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे तिथे जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून घेण्याची तरतूद त्यात आहे, तशीच भाडेकरूने परत येण्याचीही. पत्र्याची भीती दाखवून भाडेकरू हुसकावण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर हे लक्षात घ्यावे. उलट बाजूने, छप्पर उतरत असताना कुटुंबे खालीच ठेवणे हे सर्वांत वाईट. तेवढे दिवस त्यांची सोय दुसरीकडे केलीच पाहिजे.

उतरवताना सगळे लक्ष फुप्फुसावर असते आणि पहिला अपघात भलताच होतो: माणूस पत्र्यातून खाली पडतो. जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही आणि फुटण्याआधी वाकून सूचनाही देत नाही. त्यावर कधीही थेट पाय देऊ नये. परांचीवरून काम करावे, वर जावेच लागले तर वाशांवर टेकलेल्या रुंद फळ्या टाकून, खाली जाळी बांधून. पत्रे कीटकनाशकाच्या फवारणी पंपाने, थोडे साबणाचे पाणी घालून भिजवावेत. गंजलेले हुक पिळण्यापेक्षा बोल्ट कटरने तोडावेत, म्हणजे पत्रा फुटत नाही. पत्रा अख्खा सुटावा, हातोहात खाली यावा, फेकला जाऊ नये. तोंडाला बांधलेला रुमाल इथे कुचकामी. एफएफपी३ किंवा पी१०० दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. चुरा ओल्या फडक्याने टिपावा आणि ते फडकेही कचऱ्यात बांधावे. कामाचे कपडे घरी नेऊ नयेत. ते धुणाऱ्या बायकांना हा आजार झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत.

आपल्याकडे ॲसबेस्टॉस काढणाऱ्यांसाठी ब्रिटनसारखी परवान्याची व्यवस्था नाही. त्यामुळे कंत्राटदाराला ‘मी हेच काम वीस वर्षे करतो’ या वाक्यावर नेमू नये. वरच्या अटी करारात लिहून घ्याव्यात. सुरक्षित हाताळणीसाठी आयएस ११७६९ आणि कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी आयएस ११७६८ ही भारतीय मानके आहेत, त्यांचा करारात उल्लेख करता येतो.

७. उतरलेले पत्रे जातात कुठे

सहसा भंगारवाल्याकडे, नाहीतर कोणाच्या गोठ्यावर, आणि फुटलेले तुकडे रस्त्याच्या भरावात. भरावात गेलेला तुकडा गाड्यांच्या चाकांखाली रोज थोडा थोडा दळला जातो, म्हणजे छपरावर तीस वर्षे बांधून राहिलेले तंतू नेमके रस्त्यावर मोकळे होतात. फ्रान्सची क्लेमांसो ही जुनी विमानवाहू युद्धनौका मोडीसाठी अलंगकडे निघाली होती. तिच्यातल्या ॲसबेस्टॉसवरून आपल्याकडे एवढा वाद झाला की फेब्रुवारी २००६ मध्ये फ्रान्सला ती परत बोलवावी लागली. जहाजाबद्दल दाखवलेली ती जागरूकता गल्लीतल्या पत्र्याच्या वाट्याला आली नाही.

टाकाऊ ॲसबेस्टॉस २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या अनुसूचीत आहे, पण ते ॲसबेस्टॉसची उत्पादने बनवणाऱ्या कारखान्यांच्या संदर्भात. चाळमालकाच्या ४३ पत्र्यांचा विचार करून तो मजकूर लिहिलेला नाही. तरीही रस्ता आहे. पत्रे जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून, वर ‘ॲसबेस्टॉस’ असे ठळक लिहावे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी विचारणा करावी. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचरा पुरण्याच्या सोयी आहेत. त्या मुख्यतः कारखान्यांसाठी चालतात, म्हणून थोडा माल घ्यायला त्या नाखूश असू शकतात. दर आणि अटी बोली लावण्याआधीच विचारून ठेवाव्यात, कारण वरच्या सहा लाखांत हाच आकडा सर्वांत अस्थिर आहे. माल पोचल्याची पावती विक्री प्रमाणपत्राच्या फायलीतच लावावी. पुढे कधी चाळ विकायला काढलीच, तर गिऱ्हाईक छपराकडे बघून पहिला प्रश्न तोच विचारेल, आणि पावती दाखवता आली नाही तर तुम्ही बोलीतून वजा केलेले आठ लाख तोही तुमच्या किमतीतून वजा करू पाहील.